खानावळीतली वत्सला आणि माझा उजवा डोळा

"अम्मा, उजव्या डोळ्यातला पडदा सुटलाय," त्रिचीच्या डॉक्टरीणबाई तमिळमध्ये म्हणाल्या. "उद्या सकाळचं पहिलं ऑपरेशन तुमचं. आता घरी जायचं नाही."

मी लगेच विचारलं, "वाचता येईल ना?"

लोक आधी 'दिसेल ना' असं विचारतात म्हणे. माझ्या तोंडून हेच निघालं, त्याला कारण आहे. माझा डावा डोळा लहानपणापासून नावापुरता. त्याने माणूस आला-गेला कळतं, अक्षर लागत नाही. आजवर वाचलेल्या सगळ्या कादंबऱ्या एकट्या उजव्याने वाचल्या, आणि नेमका तोच आता दगा देऊन बसला होता.

या दुखण्याला रेटिनल डिटॅचमेंट म्हणतात. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो, त्यावर चित्र उमटतं. त्याला फट पडली की आतलं पाणी मागे शिरतं आणि ओल धरलेल्या भिंतीवरच्या रंगासारखा तो सुटत जातो. मधोमध मॅक्युला नावाची टिकलीएवढी जागा असते, वाचायचं काम तिचं. माझी ती जागा अजून चिकटून होती, म्हणून एवढी घाई. "कितपत वाचता येईल ते आज सांगणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला त्यांचा रागच आला. पण खोटा धीर दिला नाही, हे मागाहून आवडलं.

आता चूक कुठे झाली ते सांगते, म्हणजे तुमची होणार नाही.

आम्ही तंजावूरचे मराठी, राजवाड्यामागच्या वीथीत राहणारे. घरात मराठी बोलतो, पण देवनागरी वाचणारं घरटी एखादंच. मी शाळेत असताना हिंदीच्या परीक्षा दिल्या, त्या अक्षरांवर पुढे मराठी कादंबऱ्यांची चटक लागली. म्हणून दर शनिवारी दुपारी मी मोठ्याने वाचते. ऐकायला माझ्या थोरल्या जाऊबाई सुंदराअक्का आणि माझे यजमान, राव. नंतर कॉफी, सुंडल म्हणजे हरभऱ्याची कोरडी उसळ, आणि प्रत्येकाने खरं मत द्यायचं. उगाच गोड बोलणाऱ्याने पुढच्या शनिवारचे हरभरे शिजवायचे, असा आमचा कायदा. रावांनी ते बऱ्याचदा शिजवलेत.

त्या महिन्यात आमची लेक चित्रा हिने पुण्याहून नवी कादंबरी पाठवली होती. वत्सला नावाची बाई खानावळ चालवते, तिची गोष्ट. वाचताना पानावर काळे ठिपके तरंगायला लागले. मी म्हटलं, छपाई गचाळ. मग कडेला वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. मी चष्मा पदराला पुसला. डोकं दुखायला लागलं, तेव्हा मत देऊन टाकलं: लेखिका नुसतं पाल्हाळ लावते, पुढे वाचण्यात अर्थ नाही. पुस्तक बंद! अक्का चिडल्या. पण वाचणारी मी, माझ्यापुढे कोणाचं काय चालणार?

दोन दिवसांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून काळा पडदा वर सरकायला लागला, तेव्हा कुठे त्रिचीची बस धरली. तर मंडळी, ठिपक्यांचा पाऊस किंवा विजा दिसल्या तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. कादंबरीला नावं ठेवू नका.

ऑपरेशनचं नाव विट्रेक्टॉमी. डोळ्यातला जेलीसारखा भाग काढतात, लेझरने पडदा डागतात आणि आत गॅसचा बुडबुडा भरतात. डोळा बधिर होता, मी जागी होते. नर्सबाई आदल्या दिवशीच्या मालिकेत सुनेने काय केलं ते हळू आवाजात सांगत होत्या आणि मला ती मालिका साफ टुकार वाटली. मत द्यायची फार इच्छा होती, पण हलायला मनाई होती.

खरी परीक्षा पुढे. बुडबुडा वर तरंगतो आणि पडदा असतो मागे. म्हणून तो दाबून धरायला तोंड खाली करून राहायचं, जेवताना आणि न्हाणीघरात जातानाच काय ती सूट. आठवडाभर मी आमच्या ओसरीची लाल फरशी बघत पालथी पडून होते. त्या डोळ्याला धूसर उजेड सोडून काही नव्हतं. मी घाबरले होते, हे सरळ सांगते. आता आपल्याला कधीच वाचता येणार नाही, असं मनात येऊन उशी भिजायची, आणि डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही म्हणून आणखी घाबरायचे.

अक्का मात्र स्वस्थ बसणाऱ्यातल्या नव्हेत. "अंबू, त्या वत्सलेचें पुढें काय झालें? मला झोंप येत नाहीं," म्हणाल्या. त्यांनी फोन घेतला, अर्ध्यात सोडलेल्या पानापासून एकेका पानाचा फोटो काढला आणि चित्राला पाठवला. जेवणाच्या सुट्टीत चित्रा वाचून आवाज पाठवायची आणि आम्ही दुपारी ऐकायचो. मी पालथी, अक्का माझ्या डोक्याशी, राव आरामखुर्चीत.

आणि काय सांगू! कादंबरी भन्नाट होती. पाल्हाळ कसलं? वत्सलेला तरुणपणी सोडून गेलेला माणूस कैक वर्षांनी तिच्याच खानावळीत पंगतीला येऊन बसतो. तो ओळखत नाही, ती ओळखते. ती आमटीचा डाव घेऊन त्याच्या ताटापुढे उभी राहते. तिथे चित्रा थांबली. मग नवं प्रकरण: तो गाव सोडून गेलाय आणि वत्सला विहिरीवर एकटी हसतेय.

मी फरशीकडे बघत ओरडलेच, "वा! काय धाडस आहे बाईचं! मधलं सांगितलंच नाही!"

"धाडस कसलें?" अक्का कडाडल्या. "काम टाकून पळाली ती लिहिणारी. दोघं समोर आलीं, तेंच सांगायचें नाहीं? हें शरि नाहीं, बरोबर नाहीं."

राव म्हणाले, वत्सलेने क्षमा केली असणार. अक्का म्हणाल्या, डाव डोक्यात घातला असणार. मी म्हणाले, न सांगण्यातच खरी कला. तीन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. उशी भिजायची थांबली. एका दुपारी तर मान अवघडलीय हेसुद्धा मी विसरले होते.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पडदा बसलाय. आता बुडबुडा विरत जाईल." तसंच झालं. पाण्याच्या पातळीसारखी एक डुलणारी रेघ दिसायला लागली आणि तिच्या वर जग! आधी छताचा पंखा, मग दाराची चौकट, मग रावांचं टक्कल. ती रेघ रोज थोडी खाली उतरायची आणि मी प्रत्येकाला बोलावून सांगायचे.

वाचायची परवानगी मिळाली त्या शनिवारी मी पुस्तक हातात घेतलं ते अक्कांना हरवायलाच. वत्सला डाव घेऊन उभी राहते ते पान काढलं. उलटायला गेले तर ते बोटांना जाड लागलं. चाचपलं, तर बाहेरची कडा बंद. छापखान्यात ती कापायचीच राहिली होती आणि आत दोन पानं मिटलेली होती. अक्कांना देवनागरी आकडे येत नाहीत. शिवाय अक्षर मोठं यावं म्हणून त्या फोटो इतक्या जवळून घ्यायच्या की पानाचा नंबर चित्रालाही दिसत नव्हता. माझी सगळी थोर कला म्हणजे न कापलेला कागद!

"सांगितलें कीं नाहीं?" अक्कांनी टाळ्या पिटल्या. "सुरी आणा, सुरी!"

रावांनी भाजीची सुरी आणली. मी कडा सोडवली. ही पानं या पुस्तकात अजून कोणीच पाहिली नव्हती. अक्षरं आली, किंचित वाकडी, मधली जरा चेपल्यासारखी, पण आली. मी वाचायला लागले.

तो माणूस आमटी चाखतो आणि म्हणतो, ही चव ओळखीची वाटते. वत्सला म्हणते, "असेल, पुष्कळ जण म्हणतात," आणि शेजारच्या ताटाकडे वळते. तो जेवून उठतो. बस, एवढंच. पान संपलं. एवढं सुंदर मी बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं. आणि मी ते वाचलं होतं, माझ्या डोळ्याने.

राव चष्मा काढून डोळे पुसत होते. मी अक्कांकडे वळले. "मत?"

त्यांनी सुंडलाची वाटी बाजूला ठेवली. "मला पटलें नाहीं. डाव घालायला हवा होता," त्या म्हणाल्या. मग पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "अंबू, परत एकदां वाच."

मी पान मागे उलटलं आणि पहिल्या ओळीपासून परत वाचलं.