फोटो बंद झाल्यावर

देवरूखच्या पुढे घाटाकडच्या एका गावात माझी शाळा आहे. आमच्या तिसरीच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांचे बाप मुंबईत. पालकांच्या ग्रुपवर मी वर्गाचे फोटो टाकायचे, ते जास्त करून त्यांच्यासाठीच. फळ्यापाशी उभी पोरं, अंगणातला खो-खो, डबे खातानाची पंगत.

मग एकदा वरच्या वर्गातल्या एका मुलीचा फोटो कुणीतरी ग्रुपवरून उचलला आणि खाली वेडंवाकडं लिहून फिरवला. ती मुलगी शाळेत यायची थांबली. आम्ही घरी जाऊन तिला समजावलं, तेव्हा कुठे ती परत आली. मुख्याध्यापकांनी बैठक घेतली आणि नियम केला, मुलांचा एकही फोटो यापुढे ग्रुपवर नाही. मलाही तो पटला.

पंधरवड्याने माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. मुंबईत कारखान्यात काम, गणपती आणि शिमग्यालाच गावी येणं.

"बाई, रागवू नका. पोर माझी तेवढीच दिसायची मला."

"आईला सांगा ना काढून पाठवायला. स्वतःच्या मुलीचा फोटो पाठवायला कोण नाही म्हणतंय?"

"तिला फोन उचलता येतो. बाकी काय नाय."

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांना म्हटलं, "सर, नियम केला, तर आयांना शिकवायलाही हवं." त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर वर्ग वापरायला दिला.

आया आल्या आणि मुलांच्या बाकांवर अवघडून बसल्या. नवऱ्यांनी वापरून दिलेले, तडे गेलेले फोन पदराखाली धरलेले. एकीला भीती, भलतं काही दाबलं तर सगळंच पुसून जाईल. म्हणून मी आधी पुसायलाच शिकवलं. मग फोटो काढायला, मग एकाच माणसाला पाठवायला. दुसऱ्याच्या मुलाचा फोटो न विचारता काढायचा नाही, हेही सांगितलं. मुलं घरी गेलेली, तेव्हा सराव एकमेकींवरच. पहिल्या फोटोंत नुसते अंगठे.

ज्या वडिलांचा फोन आला होता, त्यांची बायको पदर सावरून शेजारणीसमोर बसली. शेजारणीने तिच्याच फोनवर काढलेला फोटो बरा आला. तिने तो नवऱ्याला पाठवला आणि पाठोपाठ तिचा फोन वाजला. घाईत तिचं बोट स्पीकरवर पडलं.

"काय झाला गो? बरा हाय ना सगळा?" घाबराघुबरा आवाज वर्गभर.

"काय नाय झाला. शाळंत आलंय, शिकायला."

"मग फोटो कशाला?"

"असाच."

लग्नानंतर त्याच्या फोनवर आलेला तो तिचा पहिलाच फोटो होता, असं तिनेच मला मागाहून सांगितलं.

"आणखी एक धाड," तो म्हणाला.

सगळ्या बायका खो-खो हसल्या. तिने फोन उलटा करून बाकावर दाबून धरला, तरी त्याचं "हॅलो, हॅलो" ऐकू येत होतं.

पुढच्या शनिवारी ती मुलीला घेऊन आली. फोन समोर धरला, पण लगेच फोटो काढला नाही.

"काढू काय गो?"

"थांब," मुलगी म्हणाली आणि रिबीन सोडून वेणी पुन्हा घालायला बसली. आई तशीच, हातात फोन धरून, वाट बघत उभी राहिली.