नानच्या भट्टीचा धूर

आधी माफी मागतो. मी काही लेखक नाही. आमच्या घरात दखनी बोलतात, मराठी मी शाळेत शिकलो, त्यामुळं एखादं वाक्य चुकलं तर समजून घ्या. घरात कॉलेजात जाणाराही मी पहिलाच. अर्थशास्त्र शिकतो. प्रदूषणाची किंमत कोण मोजतो, असा प्रश्न पर्यावरणाच्या पेपरात येतो आणि त्याचं उत्तर मला पाठ आहे. तरीही हे लिहावंसं वाटलं. असं लिहायचा हक्क मला आहे की नाही, खरंच ठाऊक नाही.

माझे अब्बा नानच्या भट्टीवर कामाला होते. आमच्या शहरात लग्न असो की त्यानंतरची वलीम्याची दावत, मटणाच्या रश्श्याचा खलिया आणि नान लागतोच. हळद-गुळाचं पाणी फिरवलेला, पिवळाधमक, जाड नान. आमच्या सेठची भट्टी जुन्या शहरात, तटाच्या एका दरवाजाच्या आतल्या बोळात होती आणि ती बाभळीच्या लाकडावर चालायची. अब्बा कमरेत वाकून, निम्मं अंग भट्टीच्या तोंडात घालून, आतल्या भिंतीला नान थापायचे. असं करता करता त्यांच्या छातीत धूर बसला. जिना चढताना ते मधेच बसायचे आणि चपलेचा अंगठा तुटल्यासारखं करायचे. दम लागलाय हे कुणाला कळू नये म्हणून. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, औषध देते, पण धूर सुटला नाही तर औषधाचा काही उपयोग नाही.

म्हणून शहराची हवा सुधारायला लाकडाच्या भट्ट्या बंद करायचा हुकूम निघाला, तेव्हा मोहल्ल्यात बहुतेक मी एकटाच खूश झालो. गॅसच्या भट्टीला सरकारी मदत मिळणार होती. मी अब्बांना समजावू लागलो की धुराचा खर्च आजवर कुणीच धरला नव्हता, तो तुमच्या छातीनं सोसला, आता तो हिशेबात येईल.

"हौ रे प्रोफेसर," अब्बा हसून म्हणाले, "और मेरी छाती कू सबसिडी कब मिलती?"

अम्मीनं त्यांना हसू दिलं, मग पाणी दिलं, कारण हसण्याचा खोकला झाला होता.

सेठनं गॅसची भट्टी बसवली. तो पावसाळा आमच्या घरातला सगळ्यात चांगला गेला. अब्बा आधी भिंतीला टेकून झोपायचे, ते आडवे होऊन झोपू लागले. एका संध्याकाळी आम्ही दोघं पाणचक्कीपर्यंत पायी गेलो. वाटेत ते कुठंही बसले नाहीत. मी मुद्दाम हळू चालत होतो, तर मलाच म्हणाले, "जवान है के बुड्ढा?"

पण आमच्याकडं नान घेताना लोक आधी त्याचा वास घेतात. एका लग्नघरचे बुजुर्ग आले, तुकडा तोडून नाकाला लावला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मियाँ, ये नान है के डबल रोटी?" लोक हसले. शहराच्या हद्दीबाहेर काहींनी लाकडाच्या भट्ट्या लावल्या होत्या, हळूहळू गिऱ्हाईक तिकडं वळलं. ज्यांना शहरात स्वच्छ हवा हवी होती, त्यांनाही नानला धुराचा वास हवाच होता. हे कुणाला नावं ठेवायला लिहीत नाही. माझ्या बहिणीच्या मंगनीला आम्हीही तसाच नान मागवला असता.

सेठ अब्बांना काही बोलले नाहीत. अब्बांना तेच लागलं. एका सकाळी त्यांनी बाभळीचं जळतं लाकूड गॅसच्या भट्टीत सोडलं. नानला वास आला, गिऱ्हाईक खूश झालं. मग ते रोज एक लाकूड टाकू लागले. राख खाली बर्नरमध्ये उतरत गेली आणि एक दिवस भट्टी पेटलीच नाही. कंपनीच्या माणसानं आत बॅटरी मारली, राख पाहिली आणि म्हणाला, "हे गॅरंटीत बसत नाही."

सेठनं हद्दीबाहेर, पाचोडच्या रस्त्याला एक शेत भाड्यानं घेऊन पुन्हा लाकडाची भट्टी लावली. अब्बांना त्यांनी या म्हटलं नव्हतं. अब्बा आपणहून गेले. मी भांडलो, डॉक्टरीणबाईंच्या बोलण्याची आठवण करून दिली. ते म्हणाले, "वो भट्टी मैंने बुझाई. ये मैंच जलाऊंगा."

रोज सकाळी नानचा टेंपो चादरींतली गाठोडी घेऊन शहरात यायचा आणि संध्याकाळी अब्बांना घरी सोडायचा. ड्रायव्हर पाचोडकडचाच, अब्बांना चाचा म्हणायचा. "चाचा पुढं बसतेत अन् सारा रस्ता मला गाडी शिकवतेत," असं सांगायचा. अब्बांना सायकलसुद्धा येत नव्हती.

त्याच सुमारास वर्गात सरांनी 'गळती' शिकवली. एका ठिकाणी नियम कडक केला की धूर नाहीसा होत नाही, शेजारी जातो. मी हात वर केला आणि विचारलं, सर, धुराबरोबर माणूसही गेला तर? तास संपल्यावर त्यांनी मला बोलावून घरचं विचारलं. त्यांनीच कॅन्टीनवाल्याशी बोलून अब्बांसाठी चहाच्या काउंटरचं काम पाहिलं. बिनधुराचं, बसून करायचं.

"मैं चाय बनाऊं? तेरे दोस्तां हसेंगे," अब्बा म्हणाले. मग म्हणाले, "अच्छा. तेरा इम्तिहान होने दे."

शेवटचा पेपर लिहून बाहेर आलो तर कॉलेजच्या गेटपाशी नानचा टेंपो उभा होता. मागं गाठोडी तशीच होती, एकही उतरवलेलं नव्हतं. मला वाटलं, अब्बा कॅन्टीन बघायला आले. पुढच्या सीटवर कुणी नव्हतं.

"तुझा फोन बंद व्हता," ड्रायव्हर म्हणाला. "चाचांनी भट्टी पेटवली, सारे नान काढले अन् बाजूला बसले. मला वाटलं दम घेतेत. लई वेळ झाला म्हणून हाक मारली."

मी विचारलं, कुठल्या दवाखान्यात आहेत?

त्यानं माझ्यासाठी टेंपोचं दार उघडलं. "दवाखान्यात नाय, भावा," तो म्हणाला. "घरी नेलंय."