सायीच्या रंगाची साडी आणि बिनआवाजाची बस

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं जे काम केलं ते साडी पिळायचं. सकाळचे साडेनऊ-दहा झाले असतील. मोरीच्या दाराशी एक टोक माझ्या बायकोच्या, सिंधूच्या हातात, एक माझ्या. ती उजवीकडे पीळ देणार, मी डावीकडे. रिटायर झाल्यापासून हे काम माझ्याकडे आलं होतं, कारण तिला दम लागायचा आणि मनगटात जोर राहिला नव्हता. "अहो, दाबून पिळा, स्टिअरिंग नाही ते," ती म्हणाली. मी म्हणालो, "तू आधी नीट धर." ती हसत होती. तासाभरापूर्वी आमची बस चुकली होती, आणि चुकली ती माझ्यामुळे, म्हणून हसत होती. साडी सायीच्या रंगाची, नवी, एकदाच नेसलेली. स्टॉपवरच्या बाकाची धूळ लागली म्हणून आल्या आल्या धुवायला काढली. गॅलरीतल्या तारेवर तिने ती स्वतः पसरली, चिमटे लावले आणि म्हणाली, "उद्या हीच नेसून जाऊ. उद्या तुम्ही रस्त्याकडे तोंड करून बसा, म्हणजे झालं." मग स्वयंपाकघरात स्टुलावर बसली आणि म्हणाली, "जरा खिडकी उघडा हो..."

खिडकी उघडीच होती.

शेजारच्यांनी गाडी काढली, दवाखान्यात नेलं, नळी लावली. दुपारी एकच्या सुमारास सगळं आटोपलं. मंजू, आमची मुलगी, इंदूरहून आली तेव्हा आई घरी आणून ठेवलेली होती. दिवस मावळायच्या आत चक्रतीर्थाच्या स्मशानात नेलं. सिंधूला जाऊन आता दीड महिना झाला. मी सातवी पास माणूस, जन्मभर बस चालवली. लिहायचं कसं ते मला येत नाही, घडलं ते सांगतो. शब्द मंजूने नीट केलेत, मतलब माझाच आहे.

माझे वडील भुसावळहून रेल्वेत खलाशी म्हणून उज्जैनला आले आणि इथलेच झाले. सिंधू बुऱ्हाणपूरची. लग्न झालं तेव्हा मी सिटी बसवर नवा नवा ड्रायव्हर होतो. माधव नगरात नाक्यावर पहिल्या मजल्यावर घर घेतलं भाड्याने, गॅलरी थेट रस्त्यावर. मला वाटलं, वा, काय जागा आहे! माझी बस रोज त्याच नाक्यावरून वळायची. तिथे थोडा चढ आहे. वळताना गाडी दुसऱ्या गिअरला घ्यावी लागायची, मग इंजिन असं काही कण्हायचं की अख्ख्या गल्लीला कळायचं. आणि मागून धूर... काळा, जाड, सरळ आमच्या गॅलरीत. पहिल्याच आठवड्यात तिने माझा पांढरा शर्ट माझ्यासमोर धरला. म्हणाली, "हा मी सकाळी धुतला. मग तुम्ही आलात."

तेव्हापासून तिची रीत ठरली. शेवटच्या फेरीला माझी गाडी नाक्याखाली दुसऱ्या गिअरला पडली की आधी तारेवरचे कपडे आत, मग गॅसवर चहा. मी डेपोत गाडी लावून चालत घरी येईपर्यंत चहा कपात. दुसऱ्या ड्रायव्हरची गाडी आली तर कपडे आत जायचे, चहा चढायचा नाही. मी एकदा विचारलं, "तुला कसं कळतं ग, माझी कुठली?" म्हणाली, "तुम्ही गिअर टाकायच्या आधी जरा थांबता. बाकीचे खसकन् टाकतात." मला ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. तीस वर्षं हे चाललं. आणि ह्या तीस वर्षांत तिने हलक्या रंगाची साडी घेतली नाही. चॉकलेटी, जांभळी, डाळिंबी... टावर चौकात दुकानदाराने मोतिया रंग दाखवला की म्हणायची, "भैया, हमारे यहाँ ये रंग एक दिन का है."

सलीम माझा कंडक्टर. पोरसवदा होता तेव्हा माझ्या गाडीवर आला, मला उस्ताद म्हणायचा, अजून म्हणतो. दारात लोंबकळून स्टॉपची नावं असा ओरडायचा की झोपलेला पॅसेंजर उठून उतरायचा. सिंधूच्या हातची आंबट-गोड वरणाची वाटी त्याला फार आवडायची. "भाभी, मीठी दाल," म्हणत सणाला हमखास यायचा. पुढे तो स्वतः ड्रायव्हर झाला.

सिंधूचा खोकला कधी सुरू झाला ते मला सांगता येणार नाही. रोज घरात असलेली गोष्ट माणूस बघत नाही. दम लागायला लागला तेव्हा बघितलं. मी डॉक्टरला सरळ विचारलं, "हे माझ्या गाडीच्या धुराने झालं का?" डॉक्टर म्हणाले, "काका, धूळ आहे, चूल आहे, गावभरचा धूर आहे. कुणा एकाचं नाव घेता येत नाही." मी म्हणालो, "मला घेता येतं." बाहेर आल्यावर ती माझ्यावर चिडली. "गावात तुमची एकच बस होती का? मोठे आले नाव घेणारे!" असं म्हणून रिक्षात बसली.

मग गावात बॅटरीच्या बसा येणार म्हणून बोलणं सुरू झालं. खोटं कशाला सांगू, मला ते ऐकवायचं नाही. चौकात कुणी विषय काढला की मी उठून यायचो. बस आल्या, पांढऱ्या-हिरव्या, काचा बंद, आत थंड हवा. आमच्याच नाक्यावरून वळायला लागल्या. एक दिवस सलीम पेढे घेऊन आला. ट्रेनिंग घेऊन तो त्याच गाडीवर लागला होता. "उस्ताद, इसमें क्लच ही नहीं है. बायाँ पैर दिनभर मेहमान जैसा बैठा रहता है!" मी म्हणालो, "मग ती गाडी नव्हे, झोपाळा आहे." सिंधू मात्र पुढे सरकून बसली.

"सलीम, हमारे मोड़ से जाती है ना तेरी बस?"

"रोज जाती है, भाभी."

"कपड़े अंदर लेने पड़ेंगे क्या?"

"अरे भाभी, सफेद चादर सुखाओ! कुछ नहीं होगा."

दुसऱ्या दिवशी ती माहेरी आलेल्या मंजूला घेऊन फ्रीगंजच्या बाजारात गेली आणि सायीच्या रंगाची साडी घेऊन आली. घडी न मोडता कपाटात ठेवली. म्हणाली, "सलीमच्या बसमध्ये बसायचं, तेव्हा नेसेन. तुमच्याबरोबर. मला खाली रस्त्यावरून आपलं घर बघायचंय, तुम्ही रोज बघायचात तसं."

मी नाही म्हणालो. एकदा नाही, चार महिने नाही म्हणत राहिलो. कधी गुडघा दुखतो, कधी ऊन आहे. खरं कारण ती विचारत नव्हती आणि मी सांगत नव्हतो. शेवटी एकदा जेवताना तोंडातून निघून गेलं. मी म्हणालो, "ती बस चांगली म्हटली, तर मग मी तीस वर्षं काय केलं? गावभर काजळी फासत फिरलो, असंच ना?" तिने पोळी वाढली, तूप लावलं. म्हणाली, "धूर गाडीचा होता. माणसं तुम्ही पोचवलीत." आणि पुढे लगेच, "तुमच्या ह्या रुसण्यात माझी साडी कुजेल कपाटात. मला एकदा बसायचंय, इतकंच." तिचा दम बघता ‘एकदा’ हा शब्द मला लागला. मी म्हणालो, "उद्या जाऊ."

त्या सकाळी ती आठच्या आधी तयार. साडी नेसलेली, गजरा घातलेला. इतक्या हलक्या रंगात मी तिला लग्नानंतर पहिल्यांदा बघत होतो. तिला चालवत नेलं ते टावर चौकाच्या अलीकडच्या स्टॉपवर, मध्ये दोनदा थांबून. बाकावर अर्धं ऊन, अर्धी सावली. तिला सावलीत बसवलं आणि मी तिच्यासमोर, रस्त्याकडे पाठ करून कठड्यावर टेकलो. ती म्हणाली, "अहो, बस दिसणार कशी तुम्हाला?" मी ऐटीत म्हणालो, "ड्रायव्हरला बस बघावी लागत नाही. कानाला कळतं." अख्खं आयुष्य कानावर चालवलेला माणूस मी. कुठला नट ढिला आहे ते सीटवरून सांगायचो. ज्या गाडीला आवाज नाही म्हणून चार महिने नावं ठेवली, तिचीच मी कान लावून वाट बघत होतो... आहे की नाही अक्कल!

आणि मग, का कोण जाणे, मी बोलायला लागलो. माझ्या रिटायरच्या दिवसाचं. तो दिवस मी घरी कधी सांगितलाच नव्हता. हार घालून आलो, नारळ दिला, जेवलो, झोपलो, एवढंच तिला माहीत. त्या दिवशी हार घातल्यावर मी टॉवेल विसरला म्हणून डेपोत परत गेलो होतो. टॉवेल खांद्यावरच होता. गाडीत चढलो, सीटवर बसलो, सेल्फ मारला. गाडी कुठे न्यायची नव्हती. नुसतीच चालू ठेवली. शेडमध्ये धूर भरला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चौकीदार आला, म्हणाला, "धुआँ लग रहा है, बाबूजी, बाहर आ जाओ." मी म्हणालो, "हाँ, धुआँ ही है." हे सगळं मी सिंधूला सांगितलं, खाली बघत, चपलेच्या टोकाने माती उकरत. सांगितलं की धूर नव्हता तो. माझ्या गुडघ्यावर तिचा हात होता. सांगून झाल्यावर मी वर बघितलं तर ती हसत होती.

"गेली," ती म्हणाली.

"कोण?"

"बस."

मी वळून बघितलं. लांब चौकात तिची पाठ दिसत होती. मी कपाळावर हात मारला. "तुलाही कळलं नाही?" तिने मान हलवली, हो की नाही ते मला समजलं नाही. म्हणाली, "उद्या बसू. चला, ऊन वाढतंय." घरी येताना रस्ताभर मला चिडवत आली, "कानाला कळतं म्हणे!"

आता ह्या दीड महिन्यात मी रोज त्या स्टॉपवर जातो. रस्त्याकडे तोंड करून बसतो. माझ्यासारखे बरेच म्हातारे गप्पा मारत पाठ करून बसलेले असतात, कानांच्या भरवशावर. बस आली की मी त्यांना सांगतो, "उठो भाई, आ गई." सलीमला आणि त्याच्या जोडीच्या ड्रायव्हरांना बजावलं आहे की स्टॉपवर लागताना हलकेच एक हॉर्न द्या, आणि नाक्यावर वळताना तर द्याच, ह्या गावातला माणूस रस्ता कानांनी ओलांडतो. सांगितलं तेव्हापासून देतात. गाडी चांगली आहे. मी आता हे कुणालाही तोंडावर सांगतो, कुणी तीस वर्षांचा हिशेब मागितला तर त्यालाही उत्तर आहे माझ्याकडे. सिंधूने दिलेलं.

पण ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायची राहिली.

घर माणसांनी भरलेलं होतं. मी आंघोळ करून चपला घातल्या. सिंधूची बहीण दारात आडवी आली. "भाऊजी, सुतकात कुठे निघालात?" मी म्हणालो, "बसस्टॉपवर." तिने मंजूकडे बघितलं. मंजू माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "जाऊ दे मावशी त्यांना." मी गेलो, त्याच बाकावर, तिच्या जागेवर बसलो. तिथून रस्ता सरळ लांबपर्यंत दिसतो. आलेली बस दिसली नाही असं तिथून होऊच शकत नाही. बस लांबूनच दिसली. मी हात केला.

दार उघडलं. सलीम सीटवरून उठून पायरीपर्यंत आला, माझा दंड धरला. "रात को पता चला, उस्ताद..." मग म्हणाला, "कल मैंने गाड़ी रोकी थी. दरवाजा खोला था. आप उधर मुँह करके कुछ बोल रहे थे. मैं आवाज देने ही वाला था... भाभी ने होंठों पे उँगली रखी. फिर हाथ से कहा, जा."

त्याने मला त्याच्या मागच्या सीटवर बसवलं, खिडकीशी. बस निघाली ते मला फक्त झाडं मागे सरकायला लागली म्हणून कळलं. माधव नगरचा चढ आला. माझा डावा पाय आपोआप दाबला गेला, खाली नुसती सपाट फरशी. सलीम वळला. वळताना जरासा थांबून वळला, माझ्यासारखा. मी वर बघितलं.

आमची गॅलरी. कालच्या गडबडीत कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तिची साडी तारेवरच होती, चिमटे तिनेच लावलेले, रात्रभर वाळून कडक झालेली. बस तिच्या अगदी खालून गेली. साडीचा काठ वाऱ्याने थोडा हलला आणि परत सरळ झाला. मी मान वळवून, दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो. सायीचा रंग होता तसाच होता.