न घेतलेलं प्रभुभोजन

चाकणच्या कंपनीत प्रेस मशीनवर एका कामगाराची दोन बोटं गेली, तेव्हापासून आमच्या ह्यांनी प्रभुभोजन घेणं सोडलं. रविवारी चर्चमध्ये उपासनेला येतात, गाणी म्हणतात, पण भाकरीचं ताट रांगेतून आलं की न बघताच माझ्याकडे सरकवतात. आजूबाजूच्या बायका बघतात. पहिल्यांदा मला लाज वाटली, मग राग आला, आता नुसती भीती वाटते.

हे त्या लाइनचे सुपरवायझर. हात आत आला की प्रेस थांबवणारा सेन्सर कारण नसतानाही सारखा मशीन थांबवत होता, टार्गेट मागे पडत होतं, म्हणून ह्यांनीच तो बंद करायला लावला. चौकशीत मात्र कामगाराचं लक्ष नव्हतं, एवढंच ठरलं. ह्यांनी खरं सांगून पाहिलं. मॅनेजर म्हणाले, "आता तो विषय नको."

कामगारांनी मशीनपुढे बोकड द्यायचा घाट घातला. मशीन बळी मागतंय, राव, असं त्यांचं म्हणणं. मॅनेजरांनी ते नारळावर भागवलं. नारळ फुटला, पेढे वाटले, शिफ्ट चालू झाली. हे घरी येऊन म्हणाले, "त्यांचं एका नारळात मिटलं."

"आपलं तर त्याच्याही आधी मिटलंय," मी म्हणाले. "आपल्या पापांसाठी कोकरू एकदाच मारलं गेलं, हेच शिकलो ना लहानपणापासून? मग तुमचंच पाप असं काय मोठं लागून गेलंय, की ते त्या रक्तानं धुतलं जात नाही?" मी तोंडाची फटकळ, हे सगळ्या मंडळीला माहीत आहे.

"माझ्यासाठी ख्रिस्तानं सोसलं, मानतो मी," ते म्हणाले. "पण बोटं त्याची गेली. त्याला न विचारताच मी माफ झालो, हे काही माझ्या घशाखाली उतरत नाही."

मी पाळकसाहेबांना घरी बोलावलं. त्यांनी वचनं वाचली, प्रार्थना केली, चहा घेतला. जाताना दारात मला म्हणाले, "ताई, क्षमा मिळालेली आहे. त्यांनी ती घ्यायला हवी." एवढं मलाही कळत होतं. धरून बांधून ती कशी घ्यायला लावायची, ते त्यांनाही सांगता येईना.

शेवटी मीच म्हटलं, चला, त्या कामगारालाच विचारू. तो तळवड्याला पत्र्याच्या खोलीत राहत होता, परभणीकडचा, जेमतेम तिशीतला. आम्हाला बघून उठून उभा राहिला. हे दारातच म्हणाले, "सेन्सर मी बंद करायला लावला होता. चूक माझी. मला माफ कर."

"कामून इतकं मनाला लावून घेता, सायेब?" तो म्हणाला. "नशिबात होतं, झालं."

"नशिबानं नाही रे, मी केलं. शिव्या तरी दे मला."

तो ओशाळून हसला. त्याच्या बायकोने चहा आणला. मला वाटलं, सुटलो. त्याच्या मनात रागच नाही म्हटल्यावर आणखी काय हवं? पण ह्यांचा चेहरा होता तसाच होता. कपाला त्यांनी हात लावला नव्हता.

मग तोच जरा घुटमळत म्हणाला, "एक काम होतं, सायेब. मला आता कुणी मशीनवर घेईना. हिला लावा की माझ्या जागी. त्याच प्रेसवर लावलं तरी चालतंय."

"मी शिकते लवकर," ती म्हणाली. तिच्या बोटांना ज्वारीचं पीठ लागलेलं होतं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. एरवी ज्याला त्याला उत्तर देणारी मी, तिच्या बोटांकडेच बघत राहिले. ज्याची क्षमा मागायला आलो होतो तो माणूस आमच्यापुढे हात जोडून उभा होता, आणि त्याच्या एका हाताची बोटं दुसऱ्या हाताशी जुळत नव्हती.