गाईखालचं पाचट

ऊस तुटून गेला की शेतात पडलेल्या वाळल्या पाल्याचा, पाचटाचा, वास येतो आणि मला वडील आठवतात. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत, मी सुखात आहे का ते बघायला वडील वडूजकडच्या आमच्या कोरडवाहू, चाऱ्याला महाग गावातून आले, तेव्हा मी सासरच्या गोठ्यात नुकत्याच व्यालेल्या गाईखाली पाचट पसरत होते. दारातच त्यांनी चपला काढल्या. सासूबाई म्हणाल्या, "आवं, ऱ्हाऊ द्या चपला, शेण हाय." "चाऱ्यावर चपला घालून कसं यायचं?" वडील म्हणाले. "चारा न्हाई, गाईचं अंथरूण हाय ते." वडिलांनी मूठभर पाचट उचलून गाईपुढं धरलं. तिनं हुंगून तोंड फिरवलं. "लय सुखात हाय गाय," म्हणत ते हसले आणि मला काही न विचारताच निश्चिंत मनानं परत गेले. त्यांनी विचारायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.