विलीन

काल पुण्यातल्या आमच्या ऑफिसात भिंतीवर बँकेचा इतिहास रंगवला. बँक स्वीडनची. कोळ्यांच्या गावातल्या एका छोट्या बँकेत शेजारपाजारच्या बँका विलीन होत गेल्या आणि ती वाढली, एवढाच तो इतिहास. पण ओल्या ऑइलपेंटच्या वासानं मला थेट माझ्या गावी, सानगडीला नेलं. तिथल्या बँकेत माय झाडलोट करायची. बाप गेला त्याच उन्हाळ्यात एका सकाळी आम्ही गेलो, तर शटरला कुलूप होतं आणि पेंटर बोर्डावर नवी अक्षरं काढत होता. "काय लिवून रायला बाबू थो?" मायनं मला विचारलं. "ही बँक विलीन झाली," मी वाचलं. हा शब्द तिनं एकदाच ऐकला होता; चौकातल्या बापाच्या फ्लेक्सवरचं 'पंचतत्त्वात विलीन' मीच तिला वाचून दाखवलं होतं. ती पायरीवर बसली. "कशानं गेली?" पेंटर हसला. "मेली नाही बाई, मोठी झाली थे. इथलं ऑफिस तेवढं बंद." माय उठली. घरी येऊन चुलीला हात लावायच्या आधी तिनं डोक्यावरून पाणी घेतलं, मयतीवरून आल्यावर घेतात तसं. काल साहेबांनी भिंतीवरची त्या जुन्या बँकांची नावं एकेक करून वाचली. प्रत्येक नावाला टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. घरी आलो आणि आधी आंघोळीला गेलो.