पाचपैकी पाच

सलग अकरा माजी सैनिकांनी पाचपैकी पाच शब्द बरोबर सांगितले, तेव्हा मुंबईहून सरांचा फोन आला. सर म्हणजे आमच्या प्रोजेक्टचे प्रमुख. "या सगळ्यांच्या डोक्याला मार बसलाय ना? मग यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली कशी?" मी म्हटलं, लष्करी शिस्त. माझा त्यावर विश्वासही होता.

मी मानसशास्त्रज्ञ आहे. जवळ स्फोट झाला तर वरून जखम न होताही मेंदू कवटीच्या आत हादरतो. एक्स-रे साफ येतो. काहींना पुढे कित्येक वर्षांनी विसरायला होतं, तोल जातो. त्यांचे अपघात कसे टाळायचे, हा आमचा विषय. टेस्ट साधी आहे. मी पाच शब्द वाचते, दहा मिनिटं दुसरंच काही करून घेते आणि तेच शब्द परत विचारते. बोळिंजच्या एका कॉम्प्लेक्समध्ये सोसायटीचं ऑफिस मिळालं होतं. माणसं जमवायचं काम एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी अंगावर घेतलं होतं.

सरांनी शब्दांची दुसरी यादी पाठवली. मी नाराजीनेच ती वापरायला घेतली.

त्या दिवशी पहिले आले निर्मळ गावचे हवालदार डॉमनिक. इस्त्रीचा शर्ट, खुर्चीतही ताठ. डोक्याला कधी मार? नाही. चक्कर? नाही. मी नवे शब्द वाचले. दहा मिनिटांनी त्यांनी एका दमात सांगितलं, "चाक, मोगरा, देऊळ, गोणी, निळा."

ते जुन्या यादीतले होते, त्याच क्रमाने. नव्यांतला एकही नव्हता.

मी सुभेदारसाहेबांना आत बोलावलं. त्यांनी काहीच लपवलं नाही. पहिल्याच दिवशी स्वतःची टेस्ट झाल्यावर त्यांनी शब्द सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले होते. "मॅडम, मेडिकलला कुणी तयारीशिवाय जातं का?" नोकरीत मेडिकल कॅटेगरी खाली आली की प्रमोशन अडकतं, म्हणून सगळे एकमेकांना सांभाळून घेत. निवृत्तीनंतर ही सवय सोडा, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. माझं तीन आठवड्यांचं काम पाण्यात गेलं होतं. मला भयंकर राग आला.

साहेब बाहेर गेल्यावर डॉमनिक हळूच म्हणाले, "चुकलं का? आठ दिवस पाठ करत होतो."

"बाकीचे किती दिवस करतात?"

"ते एकदा वाचतात."

मग ते बोलले. सीमेवर बंकरजवळ गोळा पडला होता. काही मिनिटं शुद्ध नव्हती, दुसऱ्या दिवशी ड्यूटी. रक्त आलं नव्हतं, मग मार कसला? हल्ली ते नातीला स्कूटरवरून शाळेत सोडत. महिन्यात दोनदा तोल गेला, त्यात एकदा तिच्यासकट बांधावरून खाली. घरी दोघांनी खड्ड्याचं नाव सांगितलं.

"किल्ली काढून घेतील," ते म्हणाले. "तिला सोडणं एवढंच काम उरलंय मला."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, किल्ली जाऊ द्या, काम ठेवा. मग त्यांच्यासमोरच त्यांच्या बायकोला फोन केला.

न्यूरोलॉजिस्टकडे नेलं, तोल सांभाळायचे व्यायाम सुरू झाले. बाकीच्यांची टेस्ट नव्या यादीने परत घेतली. मार्क कमी आले, सर खूश झाले. सुभेदारसाहेबांना तीन शब्द आठवले. टेस्ट सदोष असल्याचं त्यांनी लेखी दिलं.

डॉमनिक आता नातीला चालत नेतात. अर्धा तास आधी निघतात.

मी फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवलाय: तयारी किती दिवस केली? शब्द किती आठवले, ते मी त्यानंतर बघते.